अंबाडा आणि तवंग

माझ्या सासूबाईंच्या अंबाड्यातला बारा आणे भाग खोटा आहे, हे मला लग्नानंतर अकरा वर्षांनी लंडनच्या हॅरो उपनगरात कळलं. आणि कळलं तेही तो भाग मी स्वतःच्या हाताने समुद्रातलं तेल पुसायला देऊन टाकल्यावर. 'केसाने गळा कापणे' याचा वाक्यात उपयोग मी शाळेत केला होता. प्रत्यक्षात केला तो त्या जानेवारीत.

गंगावन हल्ली कुणी फारसं पाहिलेलं नसतं. काळ्या दोऱ्यात गुंफलेली केसांची एक शेपटी असते. आपले केस कमी असले की ते आत मिसळून वेणी घालायची किंवा अंबाडा बांधायचा. सासूबाईंचं गंगावन त्यांच्या स्वतःच्याच केसांचं होतं. पस्तिशीत त्यांना टायफॉइड झाला आणि केस मुठीमुठीने गेले. फणीत आलेला एकेक गुंता त्यांनी उशीच्या अभ्र्यात साठवला आणि एका बाईकडून गुपचूप गंगावन करून घेतलं. मुलाला सांगितलं नाही, सासूला सांगितलं नाही. सासऱ्यांना ठाऊक असावं, पण ते वर्तमानपत्रातून मान वर काढत नसत, तेव्हा खात्रीने काही सांगता येत नाही.

लपवायला कारण होतं. केस बघूनच त्यांना या घरात करून घेतलं होतं. बघायला गेलेल्या मंडळींत सासऱ्यांची बहीण होती, म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. तिने परत येऊन जाहीर केलं, की वहिनी हीच, गुडघ्याच्या खाली केस आहेत. ही आत्या पुढे डॉक्टर नवऱ्याबरोबर हॅरोजवळच पिनरला येऊन स्थायिक झाली, पण दर दोन वर्षांनी पुण्याला जायची आणि उंबऱ्यातच विचारायची, "वहिनी, केस कसे आहेत?" प्रकृतीची चौकशी त्यानंतर.

हे सगळं मला मागाहून कळलं. तेव्हा मला एवढंच दिसायचं, की आंघोळीनंतर सासूबाई अर्धा तास दार लावून घेतात आणि बाहेर येतात तेव्हा मानेवर नारळाएवढा अंबाडा असतो. माझा बॉयकट. त्यांनी त्याबद्दल मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. फक्त डोक्याकडे बघायच्या आणि सुस्कारा सोडायच्या.

सहा महिन्यांच्या व्हिसावर त्या आमच्याकडे आल्या होत्या. सासरे पुण्यातच राहिले, कारण त्यांना थंडी आणि मुलाचं घर दोन्ही सोसत नसे. मी स्वतः पुण्याच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवत असे. नवऱ्याला कंपनीने लंडनला धाडलं आणि मी त्याच्या व्हिसाला चिकटून आले. इथल्या शाळांना अर्ज करायचे. 'तुमचा अर्ज आम्ही जपून ठेवू' अशी उत्तरं यायची. इतका जपून ठेवायचे की पुन्हा कुणी काढून बघायचं नाही. दोन वर्षांत मी ढोकळा, केक आणि कौन्सिलला तक्रारी एवढ्या तीन विषयांत पारंगत झाले होते.

आमच्या शेजारी सत्तरीची एक इंग्लिश बाई राहायची, दोन पांढऱ्या केसाळ कुत्र्यांबरोबर. त्या जानेवारीत डेव्हनच्या किनाऱ्याजवळ एक जहाज रुतलं आणि त्यातलं तेल पाण्यावर आलं. टीव्हीवर तेलाने माखलेले पक्षी दाखवत होते. शेजारणीचा भाचा तिकडे गाड्या दुरुस्त करायचा. तिने कुठेसं वाचलं होतं, की माणसांचे आणि जनावरांचे केस बायकांच्या जुन्या नायलॉनच्या टाइट्समध्ये ठासून भरले आणि ते लांबलचक लोड पाण्यावर टाकले, की तेल त्यांना धरून बसतं. रस्त्याच्या टोकाला चर्चचा हॉल होता. तिथे केस गोळा करायचे, लोड भरायचे आणि शुक्रवारी दुपारी भाच्याच्या व्हॅनमधून पाठवायचे, असं तिने ठरवलं. मग कुंपणावरून मला विचारलं, "तू सायन्सची आहेस ना?"

दोन वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. तिने माझी किडनी मागितली असती तरी मी दिली असती.

घरी येऊन मी सासूबाईंना समजावून सांगायला बसले. "आई, केस तेल शोषत नाहीत. तेल केसांच्या पृष्ठभागाला चिकटतं. त्याला अधिशोषण म्हणतात."

त्या मटार सोलत होत्या. "केस तेल धरतात हे कळायला तुम्हाला जहाज बुडवावं लागलं? मला विचारायचं."

कामाला मी जी लागले, की विचारू नका. हॅरोमधल्या सगळ्या न्हाव्यांची दुकानं पालथी घातली. त्यांना आधी वाटायचं मी तक्रार घेऊन आले आहे. पण जमिनीवरचा केर कुणीतरी फुकट उचलून नेतंय म्हटल्यावर ते खूश व्हायचे आणि काळी पिशवी गच्च भरून द्यायचे. कुणी कुणी रबरबँडसकट कापलेल्या अख्ख्या वेण्या द्यायचे.

आपल्या मराठी मैत्रिणींनाही मी आवाहन केलं. तिथे तर खाणच लागली. लंडनला पंधरा वर्षं राहून, बँकेत मोठ्या हुद्द्यावर असूनही, फणीतले केस वाऱ्यावर सोडायचे नसतात म्हणून गुंडाळी करून डब्यात ठेवणाऱ्या बायका निघाल्या. एकीने पिशवी देताना हळूच विचारलं, "अगं, यावर कुणी करणीबिरणी तर नाही ना करणार?"

माझी नागपूरची मैत्रीण तिथेच होती. तिला असल्या गोष्टींचा मनस्वी राग. ती म्हणाली, "कोणावर करणार? माशांवर?"

बुधवारी हॉलमध्ये आम्ही चाचणी घेतली. भांडी घासायच्या टबात पाणी, त्यात गाडीचं जुनं काळं तेल. मी पुण्यातला पांढरा लॅबकोट घातला होता. तो कशासाठी बॅगेत आणला होता हे मला त्या दिवशी कळलं. पहिला मान शेजारणीच्या कुत्र्यांच्या केसांचा. लोड फिरवला, वर उचलला, पाणी बऱ्यापैकी स्वच्छ. टाळ्या पडल्या. मग मी म्हटलं, आता भारतीय केस. लांब, जाड, उत्तम प्रत. मी मराठी लोड स्वच्छ पाण्याच्या टबात नुसता ओला करायला सोडला.

दोन मिनिटांत पाण्यावर सप्तरंगी तवंग आला. हॉलभर खोबरेल तेलाचा वास सुटला.

शेजारणीने चष्मा सारखा केला. "इज इट लीकिंग, डियर?"

पिढ्यान् पिढ्या तेल जिरवलेले केस. ते समुद्रातलं तेल काय पुसणार, समुद्रालाच चंपी करून आले असते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हार मानणारी मी नव्हे. सगळ्या मराठी पिशव्या घरी आणल्या, बाथटबमध्ये ओतल्या आणि भांड्यांच्या साबणाने तीन पाण्यांतून काढल्या. मग घरातल्या झाडून सगळ्या रेडिएटरवर टॉवेल अंथरून केस वाळत घातले. दिवाणखान्यात केस, जिन्यात केस, सासूबाईंच्या खोलीतसुद्धा केस. नवरा ऑफिसातून आला, दारात थबकला आणि म्हणाला, "जेवण बाहेर करू या का?"

गुरुवारी सकाळी सासूबाईंनी न्हाणं केलं. शनिवारी पिनरला आत्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, त्याची ती तयारी. पुण्याहून आणलेल्या शिकेकाईने त्यांनी गंगावन धुतलं, आपल्या खोलीतल्या रेडिएटरवर कडेला वाळत घातलं, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि भाजी फोडणीला टाकायला खाली गेल्या. मी वरून पिशवी घेऊन निघाले ते खोल्याखोल्यांतले वाळलेले केस भरतच. काळा गोंडा बांधलेली एक लांब शेपटी हाताला लागली. न्हाव्यांनी दिलेल्या अशा डझनभर शेपट्या मी हाताळल्या होत्या. तीही कोंबली. दुपारपर्यंत हॉलमध्ये अठरा लोड ठासून, गाठ मारून तयार.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "सगळे केस नेलेस?"

"सगळे! तुमच्या खोलीत तर एक काडी ठेवली नाही," मी म्हटलं. शाबासकीची वाट बघत होते.

त्या वर गेल्या आणि दार लावून घेतलं. जेवायला आल्या त्या मुलाची माकडटोपी घालून. थंडी वाजतेय म्हणाल्या. हीटिंग वाढवलं. घरात आम्ही दोघं घामाने निथळत होतो आणि त्या टोपी घालून आमटी भुरकत होत्या. नवरा म्हणाला, "आईला बरं नाहीये. आत्याला कळवू का, शनिवारी येणार नाही म्हणून?" मी लगेच फोन लावला. आत्या म्हणाली, "नथिंग डूइंग. बारा जणींना सांगून ठेवलंय मी, आमच्या वहिनीचे केस बघायला या म्हणून. ताप असेल तर माझा नवरा बघेल. डॉक्टर कशाला केलाय?" फोन स्पीकरवर होता. सासूबाईंचा चमचा ताटलीत पडला.

मी कपाळाला हात लावला: नणंद-भावजयीचं काहीतरी जुनं बिनसलं असणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

शुक्रवारी नवरा मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी पकडायला गेला आणि सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. ओट्याकडे बघत म्हणाल्या, "काल तू केस नेलेस त्यात एक शेपटी होती. वर काळा गोंडा."

"होती ना. कुणाची?"

त्यांनी टोपी काढली. डोक्यावर, मागे, उंदराच्या शेपटीएवढी वेणी होती. टाळू दिसत होती. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं डोकं असावं तसं काहीतरी उघडं, मऊ. अकरा वर्षं सासूबाई म्हणत आलेल्या बाईकडे मी प्रथमच बघत होते. मला रडू आलं. त्यांना वाटलं मी हसू दाबतेय.

"हस बाई," त्या म्हणाल्या. "पण आधी ते आणून दे."

मग उभ्या उभ्या, मुलाच्या लहानपणापासून कुणाला न सांगितलेलं त्यांनी मला दहा मिनिटांत सांगितलं: टायफॉइड, उशीचा अभ्रा, सगळं. "वन्संना कळलं तर त्या काय म्हणतील? केस बघून केली आणि केसच खोटे." आणि लगेच, चिडून, "खोटे कसले? माझेच आहेत. फक्त डोक्यावर नाहीत."

व्हॅन बारा वाजता निघणार होती. आम्ही सव्वादहाला हॉलमध्ये. अठरा लोड ओळीने भिंतीशी पडलेले. कुठल्यात काय भरलंय याचा पत्ता नाही; मी लेबलं लावली नव्हती. कॉलेजात एखाद्या मुलीने असं केलं असतं तर मी तिला वर्गाबाहेर उभी केली असती. शेजारण कात्री घेऊन बसली होती. एकही लोड फोडायला ती तयार नव्हती, एवढी मेहनत घेतलेली. तिने विचारलं, "व्हॉट इज शी लुकिंग फॉर?"

आता गंगावनाला इंग्रजीत काय म्हणतात? मी म्हटलं, तिचे केस आहेत. तिच्या डोक्यावरचे. पण डोक्यावर नसलेले. शेजारणीने कात्री खाली ठेवली. मी पुन्हा सुरुवात केली, "ते खोटे आहेत..."

सासूबाईंना 'फॉल्स' एवढं बरोबर समजलं. "माझेच आहेत म्हणून सांग तिला!"

"ते खोटे आहेत, पण तिचेच आहेत," मी म्हटलं.

शेजारणीचा चेहरा एकदम उजळला. तिने ओठ वर केला आणि समोरचे दोन दात बोटाने हलवून दाखवले. सासूबाईंनी वाकून ते दात नीट बघितले, मान डोलावली आणि माकडटोपी काढून ठेवली. त्यानंतर दोघींना माझी गरज उरली नाही.

सासूबाई लोडांपाशी मांडी घालून बसल्या. मंडईत दुधी बघतात तसा एकेक लोड त्या टोकापासून टोकापर्यंत दाबत गेल्या. "हा कुत्र्याचा. हा पुरुषांचा, टोचतो. हा कुत्र्याचा." अकराव्या लोडाशी हात थांबला. "गोंडा लागतोय."

शेजारणीने स्वतः कात्री चालवली, आणि फार उत्साहाने चालवली. गंगावन निघालं, पण बांधायचा दोरा मुळाशी कापला गेला होता. शिवाय त्यात कुत्र्याचे पांढरे केस इतके शिरले होते की एका दिवसात ते म्हातारं झाल्यासारखं दिसत होतं. सासूबाईंनी ते पदराखाली घेतलं. शेजारणीला म्हणाल्या, "थँक्यू. तुमचे दात छान आहेत." हे शेवटचं मराठीत.

उरलेले सतरा लोड व्हॅनमधून गेले. तिकडच्या साहेबांनी आभार मानले आणि सांगितलं, की आमच्याकडे यासाठी रीतसर सामान आहे, हे नको. लोड भाच्याच्या गॅरेजमध्ये जमिनीवरचं इंजिन ऑइल टिपत राहिले. फार छान टिपतात, असं त्याने कळवलं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण दुपारभर मी सासूबाईंसमोर बसून गंगावनातून एकेक कुत्र्याचा केस वेचत होते, तेव्हा समुद्राचा विचार करायला सवड नव्हती. तुटलेल्या दोऱ्याच्या जागी मी टाइट्सची एक पट्टी शिवून दिली. नायलॉन मजबूत असतं, मी म्हटलं. नायलॉन गुळगुळीतही असतं, हे केमिस्ट्रीच्या बाईला आठवायला हवं होतं.

शनिवारी पिनरला आत्याने दार उघडलं. "ये ये, वहिनी! केस कसे आहेत?"

"आहेत तसेच," सासूबाई म्हणाल्या.

आत बाराच्या वीस जणी झाल्या होत्या. जरीच्या साड्या आणि त्याखाली लोकरी मोजे. भारतातून आलेली वहिनी म्हणून आत्याने सासूबाईंना मानाने मधल्या खुर्चीत बसवलं. चारी बाजूंनी बायका. "बघा, बासष्टाव्या वर्षी! ऑनेस्टली, आमच्या पोरींना शॅम्पूवर शॅम्पू लागतात," आत्या सांगत होती आणि सासूबाई ताठ मानेने बसल्या होत्या. मी समोर तिळगुळाचं ताट घेऊन उभी. कुणीतरी कुंकू लावलं, ओटी भरायला घेतली, आणि सासूबाई पदर पसरायला पुढे वाकल्या.

नायलॉन सुटलं. मला समोरून दिसलं, की अंबाडा हळूच एका अंगाला कलला आणि मानेवरून खाली येऊ लागला. माझ्या आणि त्यांच्यामध्ये सहा बायका आणि एक टीपॉय होता. सासूबाईंनाही कळलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. माझ्या मनात आलं, की आता या बाईला मी कधी तोंड दाखवू शकणार नाही.

आत्या खुर्चीच्या मागे होती, वेंब्लीहून आणलेले गजरे घेऊन. तिने डावा तळहात अंबाड्याखाली धरला. मग उजव्या हाताने स्वतःच्या केसांतले दोन आकडे उपसले, अंबाडा वर उचलून दोन्ही बाजूंनी आत खुपसले आणि वरून गजरा गुंडाळला.

"हलू नकोस गं वहिनी," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "गजरा नीट बसू दे." आणि पुढच्या बाईकडे वळली. तिचे स्वतःचे केस एका बाजूने खांद्यावर उतरले होते.

परतताना आम्ही दोघीच गाडीत समोरासमोर बसलो होतो. सासूबाईंनी चार वेळा हात मागे नेला. पाचव्या वेळी म्हणाल्या, "हे आकडे माझे नाहीत."

"नाहीत."

"वन्संचे?"

"हो."

नॉर्थ हॅरो स्टेशन आलं, दारं उघडली, मिटली. गाडी पुन्हा सुरू झाल्यावर त्यांनी विचारलं, "कधीपासून माहीत असेल गं त्यांना?"

"कुणास ठाऊक. विचारू का?"

"खबरदार." त्यांनी खिडकीतल्या आपल्या प्रतिबिंबात बघून गजरा सारखा केला. मग म्हणाल्या, "आणि मी मेली सत्तावीस वर्षं, त्या आल्या की भिंतीला पाठ लावून बसत आले."